नऊ ठिकाणी श्वास

लिओना पेल्टिए पंचावन्नाव्या वर्षी विद्यार्थिनी झाली तेव्हा गावात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बाईला या वयात भलतंच खूळ लागलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, जिनं तीस वर्षं एकही रविवार न चुकवता चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, तिला एवढी हौस करू द्यायला काय हरकत आहे? तिच्या भावाला, आर्मंडला, कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तरी उत्तर यायला वेळ लागला असता. एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत आणि त्याहून जास्त वर्षं सिगारेटच्या सोबतीत काढून त्याची फुफ्फुसं पार कामातून गेली होती. तीन-चार शब्द बोलायचे, थांबायचं, हवा ओढायची, मग पुढचे तीन-चार शब्द.

त्याची बायको गेल्यावर लिओना त्याच्याकडं राहायला आली, त्याला नऊ वर्षं झाली. अशा माणसाला टाकून कुठल्या कॉलेजात दोन वर्षं जाऊन राहणं शक्यच नव्हतं. पण व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजात संगीतरचनेचा असा अभ्यासक्रम होता, की फेब्रुवारीत दहा दिवस आणि ऑगस्टात दहा दिवस जाऊन राहायचं, बाकीचं सगळं घरी बसून. दर सहामाहीत पाच वेळा आपण लिहिलेलं संगीत आपल्या बाईंना पाठवायचं. ते आता कॉम्प्युटरवरून जायचं, तरी सगळे त्याला 'पाकीट' म्हणत, कारण पूर्वी ते खरंच पोस्टानं जायचं. लिओनानं दोन वर्षांत अशी वीस पाकिटं पाठवली. सगळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलेली, त्यातल्या दोन पाकिटांवर तर सुपाचे डागसुद्धा होते. कागदावर लिहून मग त्याचे फोटो काढायची तिची सवय होती, म्हणून डागही बाईंपर्यंत पोचले.

आता शेवटचा ऑगस्ट. पदवी घेणाऱ्या प्रत्येकाची एक रचना शहरातून बोलावलेले पट्टीचे वादक शनिवारी दुपारी वाजवणार होते. एकदाच. लिओनाची रचना क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठी होती, आणि ती तिनं आर्मंडसाठी लिहिली होती. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी जूनमध्ये तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की येता हिवाळा कठीण दिसतोय. आजवर तिनं लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला आर्मंडनं "ठीक आहे" एवढंच म्हटलं होतं, आणि "ठीक आहे" तो सुपालाही म्हणायचा, राष्ट्राध्यक्षालाही म्हणायचा. हे एक तरी त्याला मनापासून आवडावं, आणि वेळेत आवडावं, एवढीच तिची इच्छा होती. शनिवारचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर थेट दिसणार होता आणि आर्मंड तो घरी बसून बघणार होता.

त्या दहा दिवसांत त्याच्याजवळ बसायची पाळी चर्चच्या गायकमंडळानं वाटून घेतली होती. वाटून घेतली म्हणजे थेल्मा गॅन्योनं वाटून दिली. थेल्मा निवृत्त पोस्टमास्तरीण. तिनं एकदा यादी केली की त्यात बदल करायची कुणाची छाती नव्हती.

गुरुवारी तालीम. तालमीला प्रत्येकाला पंचवीस मिनिटं मिळत. दाराशी एक बाई घड्याळ घेऊन बसलेली असे, आणि तिच्यापुढं खुद्द देवाचंही काही चाललं नसतं. क्लॅरिनेट वाजवणारी टेसा मोरेनो पस्तिशीची होती. स्वभाव गोड, बोलणं रोखठोक. लिओनाच्या रचनेच्या मधोमध क्लॅरिनेटची एक लांब ओळ होती. संथ लयीत चौसष्ट ठोके, सव्वा मिनिटाचा एकच सलग सूरप्रवाह. सगळी रचना त्या ओळीसाठीच होती असं म्हटलं तरी चालेल.

टेसानं ओळ सुरू केली आणि लिओनाला वाटलं, चला, जन्माचं सार्थक झालं. पहिले वीस ठोके फार सुंदर गेले. पंचविसाव्याला टेसाच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. तिसाव्याला तिचा चेहरा बीटासारखा झाला. चौतिसाव्याला सूर फाटला आणि तिनं वाद्य खाली घेतलं.

"लिओना," ती धापा टाकत म्हणाली, "यात मी श्वास कुठं घ्यायचा?"

"घेऊच नकोस," चेलोवाला म्हातारा म्हणाला. "ऑर्गनवाल्या बाईंनी लिहिलंय ते. त्यांच्या वाद्याला तळघरात मोटर असते."

सगळे हसले. लिओनाही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. ऑर्गन वाजवणारी माणसं ही चूक करतात. तिथं बोट उचलेपर्यंत सूर चालू राहतो, हवेची काळजी मोटरला. त्यात रोजचं काम कॉम्प्युटरवर ऐकून चाललेलं, आणि कॉम्प्युटरलाही कधी धाप लागत नाही. पहिल्या सहामाहीची पोरंसुद्धा ही चूक करून शहाणी होतात. हिनं ती पदवी घ्यायला दोन दिवस राहिलेले असताना केली होती.

"थांब, एक करता येईल," टेसा म्हणाली. "गालात हवा साठवायची आणि वाजवता वाजवता नाकानं श्वास घ्यायचा. काच फुंकणारे करतात ना, तसं. मला येतं. दिसायला मी बेडकासारखी दिसते, पण आवाज थांबत नाही."

तिनं तसं केलं. गाल फुगले, नाकपुड्या हलल्या, आणि चौसष्टच्या चौसष्ट ठोके कुठंही खंड न पडता वाजले. बाकीच्यांनी कौतुकानं आपापल्या गजांनी समोरच्या स्टँडवर टकटक केली. लिओनाला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं मिळालं होतं. आणि तिला ते ऐकवेना. हा आवाज आपण रोज ऐकतो, तिच्या मनात आलं. फ्रिजच्या मागं ठेवलेलं आर्मंडचं ऑक्सिजनचं यंत्र असंच वाजतं, दिवसभर, कधीही न थांबता.

"वेळ संपली," दाराशी बसलेली बाई म्हणाली.

लिंडबाईंनी, म्हणजे लिओनाच्या मार्गदर्शक बाईंनी, तिला बाहेर गाठलं. कॉन्स्टन्स लिंड एकाहत्तर वर्षांच्या. हातात मेपलचं आइस्क्रीम, ते वितळून मनगटापर्यंत आलेलं, आणि बाईंना त्याचं सोयरसुतक नाही. दोघी झाडाखालच्या बाकावर बसल्या.

"सतराव्या पाकिटावर मी तुला लिहिलं होतं, या ओळीत श्वासाला जागा नाही," बाई म्हणाल्या. "अठराव्यात तू श्वासाच्या खुणा घातल्यास. एकोणिसाव्यात त्या गायब. का काढल्यास?"

"कॉम्प्युटरवर ऐकताना मधेच भोक पडल्यासारखं वाटत होतं."

"हं. आणि खरं कारण?"

लिओना हातातल्या कागदांची टोकं मुडपत राहिली. मग तिनं सांगून टाकलं. "मी स्वयंपाकघरात लिहायला बसते, तो पलीकडच्या खोलीत असतो. दार उघडंच असतं. त्याचा श्वास मला ऐकू येतो. मधेच थांबतो तो. मग माझा हातही थांबतो. पुढचा श्वास येईपर्यंत मी तशीच बसते, पेन्सिल वर धरून. नऊ वर्षं झाली. मला एक सव्वा मिनिट असं हवं होतं, बाई, की ज्यात कुणाला थांबावं लागणार नाही. त्यालाही नाही, मलाही नाही."

आइस्क्रीम लिंडबाईंनी शेवटी बाकाशेजारच्या कचरापेटीत टाकलं.

"मग विसाव्या पाकिटाला तुम्ही मला का नाही दामटलंत?" लिओनानं विचारलं.

"तू ऐकलं असतंस? टेसाच्या तोंडाकडं बघून जे कळतं, ते माझ्या लिहिण्यातून कळायचं नाही. हे बघ, ओळ तुझी आहे. शनिवारी टेसा ती सलग वाजवेल, लोक उठून टाळ्या वाजवतील. पदवीही मिळेल. तसंच ठेवायचं असेल तर ठेव. पण मघाशी वाजत असताना तुझ्या चेहऱ्याकडं मी बघत होते."

शुक्रवारी सकाळी नाश्ता झाल्यावर लिओना वसतिगृहाच्या पायरीवर बसली आणि तिनं घरी फोन लावला. मांडीवर ती ओळ होती आणि कानामागं पेन्सिल.

"तू जिवंत आहेस का विचारतोय तुझा भाऊ," थेल्मा म्हणाली. "मी म्हटलं, फोन करतेय म्हणजे असणार."

"त्यानं खाल्लं का काही?"

"अंडं खाल्लं. टोस्ट कुत्र्याला घातला. मला दिसत नाही असं त्याला वाटतं. घे, बोल त्याच्याशी, केव्हाचा हात पुढं करून बसलाय."

फोनमध्ये आधी आर्मंडचा श्वास आला, मग आर्मंड. "काय गं… विद्वान बाई. … झाली का… तालीम?"

तिनं सगळं सांगितलं. तिसाव्या ठोक्याला टेसाचा चेहरा कसा झाला, चेलोवाला काय म्हणाला, सगळं. आर्मंड हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, थेल्माचं "वाक, पुढं वाक, बैला" ऐकू आलं. लिओना पायरीवरून उठून उभी राहिली. सात तासांच्या अंतरावरून उभं राहून ती काय करणार होती, कोण जाणे.

"माझ्याबरोबर… नऊ वर्षं राहिलीस," तो फोनवर परत आला तेव्हा म्हणाला, "आणि श्वासच… विसरलीस?" त्याला हे फारच आवडलेलं दिसत होतं.

"हसू नकोस. पुन्हा खोकशील."

"खरं सांगू का, लिओना… राग नाही ना येणार?"

"सांग."

"ती ओळ… मी हिवाळाभर ऐकली. … भिंतीपलीकडून. … तुझा तो कॉम्प्युटर… मेला थांबतच नाही. … मला नाही आवडत."

लिओनाच्या डोळ्यांसमोर पायऱ्या, गवत, समोरची घंटा असलेली इमारत सगळं धूसर झालं. दोन वर्षांत त्यानं पहिल्यांदा 'ठीक आहे' सोडून दुसरं काही म्हटलं होतं, आणि ते हे होतं.

"तुझ्यासाठी लिहिलंय ते," ती म्हणाली. सांगायचं नाही असं ठरवलेलं, रागानं तोंडातून निघून गेलं. "तुला कुठंही धाप लागणार नाही असं. मुद्दाम तसं लिहिलं. कळलं?"

पलीकडं नुसता श्वास. आत, बाहेर, आत.

"माझ्यासाठी?" आर्मंड म्हणाला. "मग त्यात… मी कुठाय?"

तिनं हातातल्या ओळीकडं बघितलं.

"असा दम न लागणारा… कोण आहे तो? … मी नाही त्याला… ओळखत." तो थांबला. "माझ्यासाठी असेल… तर मला घे ना… त्यात."

रडू आलं की लिओना नाक ओढते, लहानपणापासून. आर्मंडला ते कळलं असणारच, पण त्यानं तसं दाखवलं नाही. ती पुन्हा पायरीवर बसली. कानामागची पेन्सिल काढली.

"आर्मंड, उद्या शनिवार. तुझा दर शनिवारचा घेवडा कोण शिजवणार?"

"ही बया. … आणि त्यात… साखर घालणार आहे म्हणे."

"मग कसा करायचा ते सांग. सगळं सांग, पहिल्यापासून. थांबू नकोस. म्हणजे, थांब. थांबायचं तिथं थांब."

"तुला येतो की… घेवडा."

"सांग म्हणते ना."

त्याला वेड्यासारखं वाटलं असेल, पण घेवड्याचा विषय निघाल्यावर गप्प बसणं त्याच्यानं शक्य नव्हतं. "आजच भिजत घालायचा," तो म्हणाला, आणि लिओनानं मनातल्या मनात आपली ओळ सुरू केली. एक बोट ठोके मोजत कागदावरून पुढं सरकत होतं. तो जिथं थांबला तिथं तिनं सुरांच्या वर बारीक स्वल्पविरामासारखी खूण केली. अख्खा कांदा मडक्याच्या तळाशी. खूण. काकवी घालायची, साखर नव्हे, साखरेनं त्याची मिठाई होते. खूण. मोहरी कुटून, चमचाभर. खूण. खारवलेलं मांस वर ठेवायचं, खाली नाही. कधी त्याला सात शब्द जमत होते, कधी तीनच. सारखं अंतर कुठंच नव्हतं. सहाव्या जागी त्याला पुन्हा ठसका लागला. तिचं बोट कागदावर थांबलं. तिनं ठोके मोजायचे सोडून दिले आणि वाट बघितली. पलीकडं नुसतं यंत्र चालू होतं. मग हवा आत गेल्याचा आवाज आला.

"आठ तास शिजू द्यायचा," आर्मंड म्हणाला. "आणि त्याला… घाई करायची नाही."

ओळ संपली तेव्हा नऊ खुणा झाल्या होत्या. सहावीवर तिनं दोन रेघा ओढल्या. तंतुवाद्यांच्या कागदांवर तिथं तिनं पेन्सिलीनं लिहिलं: सूर धरून ठेवा. घाई नको. ती येईपर्यंत थांबा.

दुपारी ती कॉपी काढायच्या यंत्रापाशी टेसाचे कागद नव्यानं चिकटवत उभी होती. लिंडबाई मागून आल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचायला लागल्या.

"जागा विचित्र आहेत," त्या म्हणाल्या. "ही इथं सुराच्या अगदी पोटात आहे. कुठलाही वादक इथं श्वास घेणार नाही."

"माहीत आहे."

"आणि या सहाव्या ठिकाणी किती थांबायचं ते लिहिलंच नाहीस."

"ते मला माहीत नाही," लिओना म्हणाली. "कधीच माहीत नसतं."

बाईंनी चष्मा खाली घेतला. चिकटपट्टी दातांनी तोडून त्यांनी पुढचा कागद धरायला मदत केली.

टेसा मात्र खूश झाली. शनिवारी आत जायच्या आधी ती म्हणाली, "मी आयुष्यभर श्वास लपवायला शिकले, बरं का. गुरुजी म्हणायचे, ऐकू आला तर छडी. आता तू म्हणतेस, ऐकू येऊ दे."

"येऊ दे. लपवू नकोस."

सभागृहात उकाडा मी म्हणत होता. लोक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. लिओना तिसऱ्या रांगेत कडेला बसली, घरून आणलेला निळा झगा घालून. मागं उंचावर कॅमेऱ्याचा लहानसा लाल दिवा लागलेला होता, तिकडं तिनं एकदाच वळून बघितलं. त्या दिव्याच्या पलीकडं कुठंतरी स्वयंपाकघर होतं, आणि टेबलाभोवती गायकमंडळातल्या पाच बायका, आणि आर्मंड.

ओळ सुरू झाली. अकरा ठोक्यांनंतर टेसानं वाद्य ओठांपासून जरासं दूर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मान वर केली. मग दुसरा श्वास, लगेचच. तिसरा. कार्यक्रमपत्रिकांचा फडफडाट कमी होत गेला. चौथ्या-पाचव्यापर्यंत सभागृहातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं, की इथं कुणीतरी आहे, आणि त्याला हे सोपं जात नाहीये. चार तंतुवाद्यं खाली बारीक सूर धरून होती, रस्त्यात मागं राहिलेल्या माणसासाठी पुढची थांबतात तशी.

सहावी जागा आली. टेसा थांबली. तिनं श्वास घेतला नाही. क्लॅरिनेट ओठांजवळ धरून, डोळे मिटून ती नुसती उभी राहिली. चेलोवाल्या म्हाताऱ्यानं तिच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. सूर कापत होता, पण सुटत नव्हता. लिओनाचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर उचलला गेला होता, बोटांत पेन्सिल असल्यासारखा. पण या वेळी ती एकटी नव्हती. दीडशे माणसं तिच्याबरोबर वाट बघत होती, कुणी खोकत नव्हतं, खुर्ची करकरत नव्हती. नऊ वर्षं जे तिनं एकटीनं, कुणाला न सांगता केलं होतं, ते आता सगळे करत होते. तिला भीती वाटत होतीच. पण ती सोसवेल इतकी झाली होती.

मग टेसाची छाती भरली आणि ओळ पुढं निघाली.

टाळ्या वाजल्या, किती वेळ ते लिओनाला सांगता येणार नाही. लिंडबाईंनी तिचा दंड इतका घट्ट दाबला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. कुणाशी धड न बोलता ती बाजूच्या दारानं बाहेर पडली आणि भिंतीला टेकून तिनं फोन लावला.

"थांब, मला बोलता येत नाहीये," थेल्मा म्हणाली आणि तिनं जोरात नाक शिंकरलं. "तुम्ही दोघं भाऊबहीण म्हणजे ना! घेवडा करपला माझा. घे, हा घे."

श्वास आला. लिओना थांबली. आणखी एक आला.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"ती मधे… थांबली ना… खूप वेळ?" आर्मंड म्हणाला. "इथं सगळ्या बाया… माझ्याकडं बघायला लागल्या. … थेल्मा तर… उठलीच."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? … घेतला मी श्वास." तो हसला, आणि या वेळी खोकला आला नाही. "तेव्हा कुठं ती पोरगी… पुढं वाजवायला लागली."